वर्तमानपत्रात दाबलेला जिल्हा

29 मे 2025, धाराशिव

मे संपायच्या आत हातलादेवीचा डोंगर हिरवा झालाय. यंदा मान्सून 24 तारखेला केरळात आला आणि 26 ला मुंबईत. मुंबईत तो इतक्या लवकर गेल्या 75 वर्षांत आला नव्हता, असं हवामान खातं सांगतंय. आपल्याकडे त्याआधीच वळवानं झोडपून काढलं. शेतकरी वाफशाची वाट बघत मशागतीला अडून बसलेत. आम्हा वनस्पतीशास्त्रवाल्यांची काळजी वेगळी आहे. मृगात फुलणारी झाडं रोहिणीतच फुलून गेली तर कॉलेज उघडेपर्यंत आमच्या हाती काय लागणार?

कपाटातून नाईक सरांचं पुस्तक काढलं. ‘द फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’, 1979. उस्मानाबाद म्हणजे आजचं धाराशिव, आणि फ्लोरा म्हणजे तिथल्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद. लेखक प्रा. व्ही. एन. नाईक, मराठवाडा विद्यापीठाचा वनस्पतीशास्त्र विभाग. मी त्यांच्या वर्गात कधी बसले नाही. पण मराठवाड्यात वनस्पतीशास्त्र शिकलेला प्रत्येक जण त्यांच्या पुस्तकांच्या हाताखालूनच पुढे गेलेला असतो. पुढे 1998 मध्ये त्यांचा दोन खंडांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ आला, संदर्भाला आम्ही जास्त तोच वापरतो. तरी 1979 चं पुस्तक मला अधिक जवळचं वाटतं, कारण ते एकट्या एका जिल्ह्याचं आहे. लातूर वेगळा झाला 16 ऑगस्ट 1982 ला. म्हणजे या पुस्तकातल्या उस्मानाबादेत लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर सगळं येतं. आज दोन जिल्ह्यांत विभागलेली माती तिथं एकाच बांधणीत आहे.

यंदाचं ठरवलंय ते साधं आहे. बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाची आणि एम.एस्सी.ची मुलं घेऊन पावसाळाभर फिरायचं, जे दिसेल ते नोंदवायचं, आणि पुस्तकात असलेलं आज कुठं आहे, कुठं नाही ते बघायचं. मुलांना कळवलं तर सुट्टीतसुद्धा निम्मी मुलं यायला तयार. बहुतेक सगळी शेतकऱ्यांच्या घरची आहेत, घरी पेरणीची घाई आहे, तरी.

8 जून, रविवार, हातलादेवी

मृग लागला. सकाळी सातलाच तळ्याच्या कडेनं वर चढलो. मुरमाड उतारावर सफेद मुसळीची पांढरी फुलं वाऱ्यानं हलत होती. काळ्या मुसळीचं पिवळं फूल मात्र वाकून, पानं बाजूला करून शोधावं लागतं, ते जमिनीलाच टेकलेलं असतं. मुलांना एकदा ते दिसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं.

पहिला तास वही कशी लिहायची यातच गेला. क्रमांक, तारीख, गाव, शिवार, उंची, जमीन कशी, आजूबाजूला काय वाढलंय, स्थानिक नाव, ते कुणी सांगितलं. आणि फुलाचा रंग. रंग तिथल्या तिथं लिहायचा, कारण वाळल्यावर निळं, जांभळं, गुलाबी सगळं तपकिरी होतं. उमरग्याच्या एका मुलानं विचारलं, “मॅडम, मोबाईलवर फोटो काढलाय की, मग रंग कशाला लिहायचा?” फोटो हवाच. पण तो फोनबरोबर बदलतो, फोनबरोबर हरवतो. आणि पाकळी उघडून आत किती पुंकेसर आहेत हे पन्नास वर्षांनी कुणाला बघावंसं वाटलं तर फोटो काही उघडता येत नाही. वाळवलेला नमुना पाण्यात उकळून मऊ करता येतो आणि फूल पुन्हा उलगडून बघता येतं. मुलांच्या चेहऱ्यावर शंका होती. परत आल्यावर जुन्या नमुन्यातलं एक फूल उकळून सुईनं उलगडून दाखवलं, तेव्हा ती गेली.

उपटायच्या बाबतीत मी कडक आहे. भरपूर असेल तरच एक घ्यायचं, एकटंदुकटं असेल तर हात लावायचा नाही. कंद काढला की ती जागा त्या झाडापुरती संपली.

11 जून

प्रेसमध्ये दाबलेल्या नमुन्यांचे कागद बदलणे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. या दमट हवेत एक दिवस चुकला तरी नमुन्यावर बुरशी येते. टिपकागद परवडत नाही, वर्तमानपत्रंच वापरतो. दोन मुली रोज न चुकता येतात, ओले कागद दोरीवर टाकतात, कोरडे घालतात, प्रेसचे पट्टे आवळतात. या कामाला कुणी संशोधन म्हणत नाही. ते नीट झालं नाही तर मात्र बाकी सगळं वाया जातं.

29 जून, रविवार, येडशी

रामलिंग घाट. अभयारण्य असल्यानं इथलं पानसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. म्हणून आज फक्त वही, फोटो आणि दुर्बीण. दरीत उतरताना एका बाजूला सालई, धावडा, मोई, खाली मंदिराजवळ पाण्याच्या कडेला वेगळीच झाडी. सगळं मिळून अभयारण्य बावीस चौरस किलोमीटरच्या आसपासचं, 1997 मध्ये घोषित झालेलं. नकाशावर ठिपका दिसेल एवढंच.

आणि या ठिपक्यात गेल्या डिसेंबरात वाघ आला! वनखात्याच्या कॅमेऱ्यात त्याचा फोटो आला आणि अंगावरच्या पट्ट्यांवरून तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला असल्याचं उघड झालं. साडेचारशे-पाचशे किलोमीटर. नांदेड, लातूरकडची शेतं, रस्ते, रेल्वे ओलांडत. माणसाच्या बोटाच्या ठशासारखे प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हे मुलांनी पुस्तकात वाचलं होतं. ते ज्ञान आपल्या येडशीत कामाला आलं, याचं त्यांना फार अप्रूप.

मी त्यांना एवढंच लक्षात आणून दिलं की ही ओळख पटली ती टिपेश्वरमध्ये आधीच कुणीतरी त्याचा फोटो काढून नीट जपून ठेवला होता म्हणून. तो नसता तर येडशीचा फोटो म्हणजे नुसता एक वाघ. तो आला कुठून, कोणत्या वाटेनं आला, वाटेत काय शिल्लक आहे, यातलं काहीच कळलं नसतं. सालईच्या बाबतीत आपण तेच करतोय. आज कुठं, किती, किती जाड, रोपं आहेत की नुसती म्हातारी झाडं. रोपं फार दिसली नाहीत. चराई, वणवा की पाऊस, कारण आज सांगता येणार नाही. नोंद मात्र केली.

6 जुलै, आषाढी

सुट्टी. मुलांपैकी दोघं पंढरपुरात. राहिलेल्यांना घेऊन नुसते लेबलांचे कच्चे मसुदे केले. पुस्तकातल्या चाव्या लावून ओळख पटवणं हा आमचा खरा अभ्यास आहे: पान समोरासमोर की एकाआड एक, बीजांडकोश वर की खाली, पाकळ्या सुट्या की जुळलेल्या. प्रत्येक पायरीवर दोन वाटा, आणि एक चुकीची धरली की भलत्याच कुळात जाऊन पोचायचं. मोबाईलवरचं ॲप दोन सेकंदांत नाव सांगतं. ते मुलांनी वापरू नये असं मी म्हणत नाही, पण ॲपनं दिलेलं नाव वहीत शाईनं लिहायचं नाही, पेन्सिलनं लिहायचं. चावी लावून तेच नाव आलं की मग शाई.

20 जुलै, रविवार, वाशी तालुका, पठारावर

आजचा दिवस सविस्तर लिहायला हवा.

बालाघाटाचं हे पठार पावसाळ्यात बघावं. काळ्या खडकावर वीतभर माती, त्यावर कुसळी, पवना, मारवेल. लांबून सपाट हिरवं दिसतं, गुडघे टेकून बघितलं की एका पावलात सात-आठ जातींची झाडं. दोरीनं एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखून आतलं सगळं मोजायला मुलांना बसवलं.

मेंढरं घेऊन एक म्हातारबाबा आले.

“काय हुडकायलाव, बाई?”

“झाडं बघायलाव, बाबा.”

“झाडं तिकडं खाली हायत. इथं निस्तं गवत.”

मग आमच्या चौकोनात वाकून बघत त्यांनी गोल जाड पानांचा एक वेल काठीनं दाखवला. “ह्येचा कांदा खातेत. ल्हानपनी मेंढरामागं लई खाल्लाव. आता गावत न्हाई.”

तो सिरोपेजिया बल्बोसा. निसर्गात फिरणारे लोक याच्या गोताला कंदीलपुष्प म्हणतात. रॉक्सबर्गनं अठराव्या शतकाच्या शेवटी कोरोमंडलच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात याचं वर्णन केलं. तो माणूस पूर्व किनाऱ्यावर काम करत होता. आमच्या बाबांनी तीच वनस्पती वाशीच्या माळावर भुकेच्या वेळी ओळखली.

वेल एकच होता, म्हणून उपटला नाही. फुलं मात्र तीन-चार होती, त्यातलं गळायला आलेलं एक घेऊन ब्लेडनं उभं कापलं. बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं फूल. खाली फुगीर खोली, वर अरुंद हिरवट नळी, टोकाला जांभळट पाकळ्या एकमेकींना चिकटून केलेली जाळी. भिंगातून नळीच्या आतल्या बाजूला बारीक ताठ केस दिसतात, सगळे खाली तोंड करून. वासाला भुलून बारीक माशी जाळीतून आत शिरते. केसांमुळे तिला खाली जाता येतं, वर येता येत नाही. खालच्या खोलीत ती धडपडते, तेव्हा तिच्या सोंडेला परागांचा पुंजका अडकतो. मग फूल कोमेजायला लागतं, केस मलूल होतात, वाट मोकळी होते, आणि माशी तो पुंजका घेऊन पुढच्या फुलात जाते. आमच्या कापलेल्या फुलाच्या तळाशी एक माशी होती. जिवंत. भूमची मुलगी भिंगाला डोळा लावून कितीतरी वेळ बसली, मग न विचारता वहीत चित्र काढायला लागली. त्या चित्रात केसांची दिशा बरोबर आहे. एवढ्यावर मी तिला प्रात्यक्षिकाचे सगळे गुण द्यायला तयार आहे.

आता दुसरी गोष्ट. सातबाऱ्यावर आणि सरकारी कागदावर हा माळ पडीक आहे. पडीक म्हटलं की तिथं काहीही करता येतं. पवनचक्क्यांसाठी रस्ते झाले. ज्याला त्याला झाडं लावायची हौस येते तेव्हाही खड्डे इथंच पडतात, बहुतेक वेळा गिरिपुष्पासाठी. वीज हवी, झाडंही हवीत, याबद्दल माझं भांडण नाही. पण गवताळ माळ हे मोडकं जंगल नव्हे, ती स्वतंत्र जितीजागती व्यवस्था आहे. मेंढरं, लांडगा, काळवीट, चंडोल, आणि हे कंदीलपुष्प सगळं तिच्यावर उभं आहे. शेजारच्या सोलापुरात नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य केलं, तेव्हा माळाची किंमत कळली होती. इथं खड्डा खणण्याआधी कुणीतरी एक पावसाळा यादी करावी, एवढी साधी अट घालायला काय हरकत आहे? यादी करायला माणसं लागतात, आणि ती माणसं जिल्ह्यातल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात बाकावर बसलेली आहेत.

5 ऑगस्ट, मंगळवार, विद्यापीठाचा उपपरिसर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर 2004 मध्ये इथं आला, त्यामुळे सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करायला मुलांना संभाजीनगर गाठावं लागत नाही. मुलींच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. घरून डबा घेऊन एसटीनं येऊन-जाऊन शिकणाऱ्या किती तरी मुली मला माहीत आहेत. संभाजीनगरला वसतिगृहात ठेवायचं म्हटलं असतं तर त्यांची लग्नं कधीच झाली असती.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका संशोधक विद्यार्थिनीनं सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी बघायला बोलावलं होतं. ती वेगवेगळ्या शिवारांतली झाडं मातीसकट उकरून आणते, मुळं हलक्या हातानं धुते, गाठी मोजते, मग ब्लेडनं कापून आतला रंग बघते. गुलाबी-लाल असेल तर गाठ कामाची. लेगहिमोग्लोबिनचा तो रंग, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच नात्यातलं द्रव्य, आणि जीवाणूंना लागेल तेवढाच प्राणवायू पुरवण्याचं त्याचं काम. आत हिरवट किंवा राखाडी असेल तर नत्र बांधणं थांबलेलं.

या वर्षी राखाडी गाठी जास्त दिसताहेत, असं ती म्हणाली. शेतात पाणी साचलं की मुळांशी हवा राहत नाही, गाठी उपाशी पडतात. पान पिवळं पडलं की शेतकरी युरिया टाकतो, आणि नत्र आयतं मिळालं की झाड नव्या गाठी धरायचं सोडतं.

चांगल्या गाठी वरून निर्जंतुक करून, चुरून, आतले जीवाणू काँगो रेड घातलेल्या माध्यमावर तिनं वाढवले होते. इतर जीवाणू तो लाल रंग शोषतात, रायझोबियमच्या वसाहती पांढऱ्या, चिकट, चमकदार राहतात. सोयाबीनचा जीवाणू मंदगती, हप्ताभर थांबावं लागतं. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं जिवाणू खत शेतकरी बियाण्याला लावतात, पण पुष्कळदा क्रम उलटा होतो. खरा क्रम असा: बुरशीनाशक आधी, मग कीटकनाशक, आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी, सावलीत. आधी जीवाणू लावून वरून बुरशीनाशक चोळलं तर लावलं काय नि न लावलं काय. तिचा विचार असा की आपल्याच जमिनीत वर्षानुवर्षं टिकलेले जीवाणू वेगळे काढायचे आणि इथल्या पाण्याच्या ताणात ते कसे वागतात ते तपासायचं. मला हा विषय मनापासून पटला. सोयाबीन मूळचं इथलं नाही, पण आज अर्ध्या जिल्ह्याचा संसार त्यावर चालतो.

14 ऑगस्ट

श्रावणातल्या भाज्यांची यादी करायला एका विद्यार्थिनीच्या आजीकडे गेलो. तेरजवळचं गाव. आजींनी पाथरी, चिवळ, तांदुळजा, केना, कुर्डू, तरोटा, कर्टोली एका दमात सांगितली. कुठली कधी कोवळी, कुठली उकळून पाणी टाकायची, कुठली बाळंतिणीला द्यायची नाही, तेही. मग बांधावर दाखवायला निघाल्या. तरोटा होता, कुर्डू होता. पाथरी सापडेना.

“तणनाशक मारल्यापासून बांध निस्ता भाजल्यावानी होतोय, लेकी,” म्हणाल्या. वहीत त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. अखेर विहिरीच्या कडेला एक पाथरी सापडली. नमुना घेतला नाही, फोटो घेतला.

22 ऑगस्ट, पोळा

पाऊस थांबेना. प्रेसमधले जाड पानांचे नमुने काळे पडायला लागलेत, माकडशिंग तर वाळायचं नावच घेत नाही. मांसल खोडं उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून मग दाबायची, ही जुनी पद्धत मुलांना दाखवली.

17 सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन

झेंडावंदन झालं. नंतर मुलं विभागात जमली, तेव्हा त्यांना वनस्पतीशास्त्रातली निजामाची हद्द दाखवली.

थिओडोर कूकचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा 1901 ते 1908 या काळात निघाला. आजही पश्चिम महाराष्ट्रातला अभ्यासक त्याच्यापासून सुरुवात करतो. त्यात सोलापूर आहे. तुळजापूर नाही. दोन गावांत अंतर पंचेचाळीस किलोमीटर, माती एक, पाऊस जवळपास एक, पण तुळजापूर हैदराबाद संस्थानात. इकडं 1911 मध्ये पार्ट्रिजनं हैदराबाद संस्थानाचा वनफ्लोरा लिहिला, तो जंगलखात्याच्या कामाचा. माळावरच्या वीतभर झाडांकडे त्या पुस्तकाचं लक्ष असण्याचं कारणच नव्हतं. 1948 ला संस्थान विलीन झालं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1958 ला मराठवाडा विद्यापीठ निघालं. आणि विद्यापीठ निघाल्यावर मगच, एकविसाव्या वर्षी, या जिल्ह्याला स्वतःचा फ्लोरा मिळाला, तो विद्यापीठातल्या शिक्षकाच्या हातून. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे महाराष्ट्राचे खंड 1996 पासून आले, त्यात मराठवाड्याची जी माहिती आहे तिच्यामागे अशीच पायपीट आहे.

विद्यापीठ कशासाठी मागितलं होतं, या प्रश्नाची उत्तरं भाषणांतून पुष्कळ ऐकली. नाईक सरांचं पुस्तक हे मला त्यातलं सगळ्यात ठोस उत्तर वाटतं.

23 सप्टेंबर

कालपासून भयंकर बातम्या. परंडा, भूम तालुक्यात पाण्यानं थैमान घातलंय, सीनेला पूर, लोकांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं. घटस्थापना कालच झाली, तुळजापूरच्या वाटेवर भाविक, आणि इकडे गोठ्यात बांधलेली जनावरं दावणीलाच बुडालेली.

परंड्याच्या मुलाचा फोन संध्याकाळी लागला. घरचे सगळे सुखरूप. म्हैस गेली. सोयाबीन पूर्ण पाण्यात. बोलता बोलता म्हणाला, “मॅडम, प्रेस घरीच होती. सगळं भिजलं. सॉरी.” काय बोलणार? म्हटलं, तुझी वही कुठंय? वही त्याच्या बॅगेत होती, कोरडी होती.

28 सप्टेंबर

‘जमीन खरडून गेली’ हे शब्द आता प्रत्येकाच्या तोंडी. नदीकाठच्या शेतात वरचा थर उरलेला नाही, खाली मुरूम उघडा. विद्यार्थ्यांनी मदतीचं सामान गोळा केलं, ते पोचवायला आम्ही गेलो तेव्हा डोळ्यांनी बघितलं. पिकाचे पंचनामे होतील. मातीतल्या जीवाणूंचा, बुरशीचा, गांडुळांचा, बियांच्या साठ्याचा पंचनामा कोण करणार?

उपपरिसरातली ती संशोधक मुलगी हाच प्रश्न घेऊन आली. तिच्याकडे ऑगस्टमधले याच पट्ट्यातल्या शेतांचे नमुने आहेत, ठिकाणांसकट. आता त्याच जागांवरून पुन्हा माती घ्यायची, आणि पुढची काही वर्षं घेत राहायची. खरडलेल्या जमिनीवर गाठी धरणारे जीवाणू कधी परत येतात, गाळ आणून टाकला तर काय होतं, हे इथल्या शेतकऱ्याला हवंच आहे. तिचे ऑगस्टचे नमुने नसते तर हे काम सुरूच करता आलं नसतं, कारण आधी काय होतं तेच सांगता आलं नसतं. तिला म्हटलं, विषय थोडा वाढव, मार्गदर्शकांशी बोल, पण हे सोडू नकोस.

9 ऑक्टोबर

शोधनिबंधांची चर्चा. विद्यापीठ अनुदान आयोगानं मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारीत बंद केली. कोणतं नियतकालिक चांगलं हे आता संस्थांनी आणि अभ्यासकांनी ठरवायचं. जबाबदारी आपल्यावर आली हे मला बरं वाटतं, पण पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापून देणारी मंडळी त्यामुळे अधिक जोरात येतील, ही भीतीही आहे. मुलांच्या फोनवर त्यांचे संदेश रोज येतात.

माझं मत स्पष्ट आहे. जिल्ह्यातल्या एका तळ्याचे तेच ते सामू-क्षार मोजून घाईनं छापलेल्या निबंधापेक्षा, त्याच तळ्याच्या काठच्या वनस्पतींचे बारा महिन्यांचे नीट लेबल लावलेले नमुने हे मोठं संशोधन आहे. विद्यापीठाच्या प्राणीशास्त्र विभागानं दाखवलेला रस्ताही हाच. प्रा. जी. बी. शिंदे यांच्या हाताखाली कृमीशास्त्राचे विद्यार्थी खाटिकखान्यातून शेळ्या-मेंढ्यांची आतडी आणत, मोनिझियासारखे पट्टकृमी वेगळे करत, रंगवून काचपट्टीवर कायम करत. घाणीचं काम, वासाचं काम. पण शेळी हे इथल्या गरिबाचं धन आहे, उस्मानाबादी शेळी जुळी करडं देते म्हणून देशभर नावाजलेली, आणि तिच्या पोटात काय आहे हे कुणीतरी बघायला हवंच होतं. ती काचपट्टी जपली गेली तर तो निबंध आजही तपासता येतो.

26 ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. विभागात दिवसभर नमुने कागदावर चढवणं चाललंय. बेचाळीस बाय अठ्ठावीस सेंटिमीटरचा जाड कागद, मधे झाड, उजव्या हाताला खाली लेबल. परंड्याचा मुलगा आला. त्याचे भिजलेले नमुने गेले, पण वहीतल्या नोंदींवरून जागा ठरल्यात, पुढच्या पावसाळ्यात त्या पुन्हा बघता येतील. भूमच्या मुलीनं कंदीलपुष्पाचं चित्र शाईनं पक्कं केलं.

ज्या जातीचे एकाहून जास्त नमुने जमलेत, त्यातला एक पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडे आणि एक संभाजीनगरला विद्यापीठाकडे पाठवायचा विचार आहे. एका कपाटावर भरवसा ठेवायचा नाही, हे सप्टेंबरनं शिकवलं.

हे वाचणाऱ्या धाराशिव आणि लातूरच्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे. तुमच्या विभागात जुन्या नमुन्यांची गाठोडी असतील, सेवानिवृत्त सरांच्या काळातली. ती या हिवाळ्यात उघडा. डांबरगोळ्या घाला, कीड लागलेले वेगळे करा, प्रत्येक कागदाचा लेबलासह फोटो काढून एका जागी साठवा. लेबल नसेल तर त्या सरांना फोन करा, ते अजून आहेत तोवर. आणि विद्यापीठाकडे मागणं एकच: पदव्युत्तर प्रकल्पासाठी तालुक्याची, गावाची, एका माळाची नमुन्यांसह केलेली यादी पूर्ण संशोधन म्हणून स्वीकारा. जूनच्या आधी एवढं ठरलं तर येत्या मृगात जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत मुलं वही घेऊन उभी राहतील.